मंदाआत्याची काचेची बुचं

मंदाआत्याने पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, कोणाची मुलगी हेसुद्धा विचारलं नाही. आमच्या भागात हे जवळजवळ अशक्य आहे. शहापूर-मुरबाड रस्त्यावर जीपमध्ये शेजारी बसलेलं अनोळखी माणूसही दोन वळणांत तुमचं आजोळ शोधून काढतं. मी तिच्या पडवीत उभी होते. हातात सह्यांचा कागद, खांद्याला पत्रकांची पिशवी, पाण्यावर बोलायला तोंड उघडलेलं. आणि तिने माझ्या पिशवीत खोचलेल्या प्लास्टिकच्या बाटलीकडे बोट दाखवलं.

"ही तुजी?"

"हो."

तिने बाटली ओढून घेतली, झाकण काढलं, तोंडात अंगठा घालून फिरवला आणि बाटली मला परत दिली.

"ह्याला गळाच नाय. नुसते आटे हायत. काचेची बाटली झाली का ये."

सही मात्र तिने केली. चांगली वळणदार, ओळ न सोडता.

मी सरळ सांगते, मला राग आला होता. मी काही बाटल्या दाखवत फिरत नव्हते. वरल्या पाड्याच्या चौदा घरांच्या पाण्यासाठी सह्या गोळा करत होते, आणि त्या चौदातलं शेवटचं घर हिचंच. गावचा नळ खाली देवळापाशी संपतो. तिथून पाडा म्हणजे मोकळ्या हाताने पाऊण तासाचा चढ, डोक्यावर हंडा असेल तर विचारू नका. पाड्याला स्वतःची विहीर आहे. होळी झाली की तिच्यात पाणी कमी आणि गाळ जास्त. धरण आमच्याच तालुक्यात, पाणी जातं मुंबईला, आणि आमच्या बायका हंडा घेऊन देवळापाशी. आमचं मागणं एवढंच होतं की नळ वर आणा. त्यासाठी कचेरीतल्या साहेबाने एकदा पाड्यावर येऊन जागेची पाहणी करायची होती. दोन उन्हाळे त्या फायलीवर दोनच शब्द होते, "पाहणी बाकी". कुठली कचेरी ते लिहीत नाही. लिहिलं की साहेबाची बदली होते आणि नव्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.

तर चौदा घरं, एक नळ, आणि एका माणसाने एकदा चालत वर येणं. एवढ्यासाठी मी ऊर फोडून पत्रकं लिहीत होते, आणि ही बाई बाटल्यांच्या गळ्यात अंगठे घालत होती.

सगळा पाडा तिला आत्याच म्हणतो. तिच्याबद्दल सगळं सांगत बसत नाही. तिलाही ते आवडणार नाही. वीसेक वर्षं ती प्रयोगशाळेचं काचसामान बनवणाऱ्या एका कारखान्यात घासणीच्या खात्यात होती. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात काचेचं बूच, मध्ये कुरुंद नावाच्या कडक दगडाची पूड आणि पाणी. घासत राहायचं, बूच गळ्यात असं बसेपर्यंत की आतल्या ॲसिडची वाफसुद्धा बाहेर येता कामा नये. मग दोघांवर एकच नंबर कोरायचा, कारण ते बूच जगातल्या दुसऱ्या कुठल्याही बाटलीला बसत नाही. पुढे सगळे गळे एकाच मापाचे काढणारी मशीन आली आणि घासणीचं खातं बंद झालं. आत्या घरी आली ती दुखरा खांदा आणि गोणभर कुरुंद घेऊन. आगीचं काम तिला कोणी शिकवलं नव्हतं. ते तिने जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या खात्याच्या दारात उभं राहून, भाकरी खाता खाता पाहून उचललं होतं.

तिच्या पडवीच्या कोपऱ्यात एक जुनं शिलाई मशीन होतं, वरचं मशीन गेलेलं, खालची पायपट्टी शिल्लक. पायपट्टीला चामड्याचा भाता जोडलेला, भात्याची नळी बर्नरला. पाय हलवले की भाता वारा मारायचा आणि गॅसची ज्योत पिवळ्याची निळी होऊन फुरफुरायची. रंगासाठी काकणं. मुरबाडच्या बाजारातला कासार बायकांना काकणं भरताना जी फुटतील ती डब्यात टाकून तिच्यासाठी ठेवायचा. हिरवा, लाल, मोतिया, सगळे रंग कुणाच्या ना कुणाच्या मनगटावरून चुकलेले. तयार झालेलं बूच ती भाताच्या तुसाच्या गरम राखेत, मडक्यात पुरून ठेवायची. काच घाईने थंड झाली तर तडकते. मडकं दुसऱ्या दिवसापर्यंत उघडायचं नाही, हा नियम. एकदा मी झाकणाला हात लावला तर तिने हातावर चिमटा मारला. चिमटा म्हणजे लोखंडी.

"पोळलं."

"पोळायलाच पायजे."

काम करताना ती एकावर एक दोन चष्मे लावायची, आणि पाय चालू असेपर्यंत तोंड बंद. मी जाईन तेव्हा तिचे पाय चालू असायचे. त्यामुळे आमच्या पहिल्या काही महिन्यांच्या ओळखीत बोलले ते मीच.

ही बुचं ती विकत नसे, देत असे. देण्याची तिची एक रीत होती. आधी तुमची बाटली आणून द्यायची, तुमच्या घरातली, वापरातली, तेलाची, मधाची, औषधाची, कसलीही. "रिकामी आण. कोरडी आण." हे दोन शब्द ती प्रत्येकाला सांगायची. मग ती चार दिवस बाटलीकडे आणि तुमच्याकडे बघायची. त्या बघण्यातून बुचाच्या माथ्यावर काय येणार ते ठरायचं. प्रत्येक वळणावर हॉर्न मारणाऱ्या जीपवाल्याला तुरेवाला कोंबडा मिळाला. रोज उशिरा येणाऱ्या गुरुजींना गोगलगाय. शेजारच्या काशीबायला, जी सुनेला दिवसभर चिमटे काढते, तिला खेकडा. काशीबायने तो उजेडात धरून पाहिला. पाडा श्वास रोखून बसलेला. ती म्हणाली, "नांगी बग कशी केलीय. जित्ता वाटतो." आणि खोबरेल तेलाची ती बाटली तिने दारासमोरच्या कोनाड्यात, येणाऱ्याला दिसेल अशी ठेवली. सून तेव्हापासून कोनाड्याकडे पाहून हसते, सासूला वाटतं ती खेकड्याचं कौतुक करते. घरात शांतता आहे.

मुलगी लग्न होऊन जायला निघाली की तिच्या आईच्या चुलीजवळची बाटली आत्याकडे यायची. पाड्याची अशी एक मुलगी डोंबिवलीला गेली. तिथून तिचा फोन आला. "आत्या, तुजं बूच डुलतं गो."

"कंच्या बाटलीत घातलंस?"

"फ्रिजमधल्या. ती आपली तेलाची बरी नाय दिसत इथं."

"मंग मी काय करू? ज्याचं त्यालाच बसतं. दिसायला पायजे तर कपाटात ठेव नि बग."

आणि फोन माझ्या हातात. तिच्या लेखी विषय संपला होता.

मुरबाडकडे शनिवार-रविवारी येणारा एक फार्महाऊसवाला होता. भला माणूस, आवाज मोठा. कोणाकडे तरी त्याने आत्याचं बूच पाहिलं आणि गाडी पायथ्याला लावून घामाने निथळत वर आला. "आत्या, पचास पीस चाहिये. दिवाली गिफ्ट. सगळे सेम टू सेम."

"पन्नास माणसं सेम हायत का?"

तो हसला. आत्या हसली नाही. "नावं लिवून आणा. कोण कसा हाय ते पण लिवा. आनि बाटल्या."

पुढच्या आठवड्यात त्याचा ड्रायव्हर खरंच यादी घेऊन आला. पन्नास नावं आणि प्रत्येक नावापुढे एकच शब्द, क्लायंट. आत्याने दोन्ही चष्मे लावून यादी वरून खाली वाचली, मग खालून वर.

"भाऊ हायत का सगळे?"

"नाय आत्या, गिऱ्हाईक असतात ते."

"म्हंजे त्याला पण म्हायती नाय कोण कसा हाय." तिने यादी नीट घडी करून परत दिली. "सांग साहेबाला, पयला त्यांना भेटून ये म्हणावं."

ड्रायव्हर खाली उतरला, आणि त्या दिवशी माझी सहनशक्ती संपली. मी म्हटलं, आत्या, हे चुकीचं आहे. बाईचा श्रम फुकट जातो तो असाच, कौतुकाच्या नावाखाली. आपण बचत गट काढू, चार बायकांना शिकव, सारख्या मापाची बुचं करा, डब्यात घाला, शहापूरला स्टॉल लावू. श्रमाला मोल मिळालंच पाहिजे. हे वाक्य मी पत्रकात तीनदा छापलं होतं, त्यामुळे तोंडपाठ होतं.

आत्याने पाय थांबवले. ज्योत पिवळी पडली. तिने माझ्या पिशवीतून एक पत्रक काढलं.

"हे तू लिवलंस?"

"हो."

"वर काय लिवलंय वाच."

मी वाचलं, "सर्व संबंधितांस."

"हा कोण? मला दाव एकदा. मी ह्या पाड्यात म्हातारी झाली, ह्याला कदी बगितला नाय."

मी काहीतरी बोलले. प्रशासन, व्यवस्था, जबाबदार घटक.

"तू हा कागद सगळ्यांला देतेस. सगळ्यांला एकच. मंग जो तो म्हणतो, दुसऱ्याचा आसल." तिने कागद माझ्या पिशवीत परत कोंबला. "पाण्याचं ज्याच्या हातात हाय त्याला काय नाव हाय का नाय?"

"आहे. साहेब आहे एक."

"बसतो कुठं?"

"कचेरीत."

"चल, मला दाव."

मला ही कल्पना फारच पसंत पडली, कारण माझ्या डोक्यात लगेच पुढचं पत्रक तयार झालं. पाड्यातर्फे साहेबांना भेट! आत्याचं सुंदर बूच, आणि त्याखाली आमच्या विहिरीचं गढूळ पाणी. फोटो काढायचा, सगळीकडे पाठवायचा. आत्याला मी यातलं अर्धंच सांगितलं. तीही अर्धंच ऐकत होती.

एसटीने आम्ही गेलो. साहेबाच्या खोलीबाहेर व्हरांड्यात बाकडं होतं, दार उघडं. मी आत जाऊन बोलायला निघाले तर आत्याने माझी ओढणी धरून खाली बसवलं. "बगू दे."

दुपारपर्यंत ती नुसती बघत बसली. माझ्याच्याने होईना. दुसऱ्या दिवसापासून ती एकटी गेली. शिपायाने तिला दोनदा विचारलं, "आजी, काम काय?" ती म्हणाली, "बसायचंय." सरकारी कचेरीत बसायला कुणी आलं तर काय करायचं याचा नियम नसावा. त्याने तिला चहा दिला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ती पाड्यावर परतली ती पिशवीत एक बाटली घेऊन. जाड, हिरवट काचेची, जुन्या सरबताची बाटली. तोंडात वर्तमानपत्राच्या कागदाचा बोळा.

"ही कोणाची?"

"साहेबाची. घरनं पाणी आणतो ह्यातनं. आवशीची हाय म्हणला, ती सरबत करायची. बूच हरवलं, तवापासून कागद कोंबतो."

"तू मागितलीस आणि त्याने दिली?"

"चार दिवस द्या, म्हटलं. आदी नाय म्हणला. शिपाय म्हणला, द्या साहेब, ही उठायची नाय."

"आणि पाण्याचं? नळाचं बोललीस ना?"

"नाय."

"आत्या, चार दिवस तू तिथे..."

"त्याच्या बाटलीला बूच नाय गो. ते आदी."

मी दोन दिवस तिच्याकडे गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा मडकं उघडत होती. राखेतून तिने फुंकर मारून बाहेर काढली ती साळुंकी. तपकिरी अंग, डोळ्याभोवती पिवळी कड, चोच किंचित उघडी. साहेब म्हणे रोज जेवताना डब्यातला शेवटचा घास खिडकीत ठेवतो आणि साळुंक्या येऊन नेतात, आणि तो फायलीकडे बघतो असं दाखवतो. हे चार दिवसांत तिने पाहिलं. मी त्या दारासमोर दोन वर्षं घोषणा दिल्या आणि आत खिडकी आहे हेच मला माहीत नव्हतं.

मग घासणी. बुचाची खुंटी बाटलीच्या गळ्यात घालून, कुरुंद आणि पाणी लावून अर्धा दिवस हळूहळू फिरवणं. त्यासाठी स्वच्छ पाणी लागतं, गाळाचं चालत नाही, चरे पडतात. देवळापासून आणलेल्या हंड्यातलं एक तांब्याभर पाणी ती या कामाला काढून ठेवायची आणि त्या दिवशी दुपारचा चहा करायची नाही.

बाटली तिने माझ्याकडे दिली. "चार दिवस चढउतार नि आता ही घासणी, खांदा गेलाय माजा. तू नेऊन दे. रिकामी ने. कोरडी ने."

आता जे केलं ते लिहिते, लपवत नाही. मी पाड्यावरून उतरताना विहिरीपाशी थांबले, बाटली गढूळ पाण्याने काठोकाठ भरली, साळुंकी घट्ट दाबून बसवली, बाटलीभोवती पत्रक गुंडाळलं आणि साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवली. "हे आमच्या पाड्याचं पाणी, साहेब. पिऊन दाखवा." फोटोही काढला. साहेब बाटलीकडे बघत होता. पाण्याकडे नाही, साळुंकीकडे. मला वाटलं, टाळतोय. मी जिंकून बाहेर आले.

दोन आठवड्यांनी मला फोन आला. पत्रकावर माझा नंबर छापलेला असतो. इतक्या वर्षांत तो नंबर पाहून आलेला हा पहिला फोन.

"मी कचेरीतून बोलतोय. ते बूच निघत नाही."

"काय?"

"बाटलीचं बूच. गरम पाण्यात ठेवून पाहिलं, तेल सोडून पाहिलं. जोर करायची भीती वाटते. बाटली आईची आहे."

विहिरीतला बारीक गाळ गळ्यात आणि खुंटीत अडकून सुकला होता. मी धावत वर गेले. धावत म्हणजे त्या चढावर जितकं धावता येतं तितकं. मला आनंद आवरत नव्हता. "आत्या, अडकलं! आता त्याला तुझ्याकडे यायलाच पाहिजे. तू हलू नको. येऊ दे त्याला चालत. दोन वर्षं येत नव्हता ना!"

आत्याचा चेहरा पाहून मी थांबले.

"तू पाणी भरलंस त्यात."

"हो, पण..."

"माजं बूच आजवर कोणाकडं अडकलं नाय." ती उठली, खुंटीवरची पिशवी घेतली, तिच्यात सुतळी, लाकडी डाव, तेलाची वाटी घातली. "दिलेली वस्तू उगडत नाय म्हंजे काय झालं ते? मी जाते."

"आत्या, तू गेलीस तर तो येणार नाही. नळ राहील. चौदा घरं..."

"त्या चौदांतलं एक माजं हाय. मला शिकवू नको." आणि मग जरा हळू, "तू सांग, अडकवून बोलवायचा मानूस? लाज नाय वाटत? फोन लाव."

मी फोन लावला. दोन वर्षं त्या एका कागदासाठी फिरलेली होते. आत्या फोनमध्ये ओरडून बोलते, समोरचा डोंगरापलीकडे असल्यासारखं.

"साहेब, मी बूचवाली. चूक आमची हाय. तुमी त्याला जोर लावू नका. मी उद्या येते नि काढून देते."

पलीकडून काहीतरी बोलणं झालं. आत्या म्हणाली, "नाय, नाय, तुमी कशाला." मग, "लई चढ हाय." मग, "बरं."

फोन मला देत म्हणाली, "तोच येतो म्हणला. शनवारी. तुमी म्हातारं मानूस, नका येऊ, म्हणला." आणि माझ्याकडे बोट करून, "तो आला का तू बोलायचं नाय. एक शबुद नाय."

शनिवारी साहेब आला. गाडी देवळापाशी सोडून, बाटली टॉवेलात गुंडाळून छातीशी धरून, उन्हात चढून आला. शर्ट अंगाला चिकटलेला. पडवीत बसला आणि पहिलं वाक्य म्हणाला, "पाणी मिळेल?"

आत्याने भांडं दिलं. अर्धं. तो प्यायला आणि भांडं पुढे केलं. ती म्हणाली, "बसा. पाणी यायचंय."

"कुठून?"

"तुमी आला तिथनंच. बायका गेल्यात."

मी तोंड उघडलं, आत्याने बघितलं, मी मिटलं. खरं सांगते, इतकं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही.

तिने बाटली हातात घेतली, गळ्यावरून बोट फिरवलं, पण काढायला घेईना. साहेब म्हणाला, "काढता ना?"

"काढते. पन काढलं का लगेच धुवायला पायजे. गाळ राहिला तर परत चिकटल. माज्याकडं धुवायला पाणी नाय. आलं का काढू."

तर तो बसला. पाड्यावर माणूस बसलं की समोर उतार दिसतो, सगळीच्या सगळी पायवाट. खाली देवळापाशी बायका मुंगीएवढ्या. त्या निघाल्या, पहिल्या वळणाला आल्या, करवंदाच्या जाळीपाशी थांबल्या, हंडे न उतरवता नुसत्या थांबल्या, पुन्हा निघाल्या. काशीबायची सून सगळ्यात पुढे. साहेब घड्याळ बघत होता, मग बघेनासा झाला. आत्या डाळ निवडत होती. पत्रकात मी हा चढ चार ओळींत लिहिला होता. तो बघायला दीड तास लागतो.

हंडा आला. आत्याने बाटलीच्या गळ्याला सुतळीचा वेढा दिला, एक टोक साहेबाच्या हातात, एक स्वतःच्या. "ओढा. आता मी. आता तुमी." दोघं ताक घुसळल्यासारखे सुतळी मागेपुढे ओढू लागले. घर्षणाने गळा तापतो, काच जरा फुगते. मग तिने डावाच्या दांड्याने साळुंकीच्या अंगाला दोन बाजूंनी हळू ठोकलं. टक्क आवाज झाला आणि बूच हातात आलं. साहेबाने श्वास सोडला. आतलं गढूळ पाणी आत्याने फेकलं नाही, पडवीच्या खांबाशी घेवड्याचा वेल होता, त्याच्या मुळाशी ओतलं. हंड्यातलं तांब्याभर पाणी घेऊन बाटली धुतली, बूच धुतलं, पदराने पुसून, फुंकर मारून बसवलं. काढलं. पुन्हा बसवलं.

"आता कदी अडकणार नाय. रिकामी ठेवाल तवा बूच बाजूला ठेवा."

साहेबाने बाटली घेतली. नळाबद्दल आत्या काही बोलली नाही, तोही नाही. उठताना त्याने फक्त हंड्यात डोकावून पाहिलं, एका तांब्याने पाणी किती खाली गेलं ते. मग खिशातून पेन काढून मला म्हणाला, "तुमच्याकडे कोरा कागद आहे?" माझ्याकडे पत्रकं होती. एका पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला, पडवीतच बसून, त्याने पाहणी लिहिली.

नळ पावसाच्या तोंडावर आला. देवळापासून पाइप वर चढला आणि पाड्याच्या चिंचेखाली एक तोटी बसली. लगेच सांगते, पाणी दिवसातून एक तास येतं, दाब कमी आहे, आणि त्यावर माझं पुढचं पत्रक तयार आहे. त्याच्या वर साहेबाचं नाव लिहिलं आहे, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. पहिल्या दिवशी सगळ्या बायका हंडे घेऊन रांगेत, आणि आत्या काचेची एक छोटी बाटली घेऊन सगळ्यांच्या पुढे. तिने ती भरली, उन्हात धरली, तोंडावर अंगठा ठेवून उलटी केली, ओतली, परत भरली. मागून काशीबाय म्हणाली, "आत्या, आवर गो, तास भरल." आत्या म्हणाली, "बगू दे."

दिवाळीनंतर तिची लेक तिला भातसानगरला घेऊन गेली. खांदा दुखरा, त्यात चढ झेपेना. ती निघाली त्या दिवशी मी तिला मुरबाडच्या स्टँडवर गाठलं. गाडी लागलेली, ती खिडकीशी, पायाशी पोत्यात गुंडाळलेली पायपट्टी आणि भाता. मी खिडकीतून बाटली पुढे केली. खोकल्याच्या औषधाची, तपकिरी काचेची, घरातच मिळाली होती.

तिने ती घेतली. उलटी करून झटकली. एक थेंब पडला नाही.

"रिकामी," मी म्हटलं. "कोरडी."

"दिसलं." तिने अंगठा गळ्यात घातला.

"माझ्या बुचावर काय करशील?"

"काय म्हायती. अजून तू मला दिसलीच नाय. जवा बगावं तवा बोलतेस." गाडी सुरू झाली, तिला आवाज चढवावा लागला. "चार दिवस गप बस नि ये भातसानगरला. मंग बगू."

मी काहीतरी उत्तर देणार होते. दिलं नाही. गाडी स्टँडबाहेर वळली, आणि वळताना ती माझ्याकडे बघत नव्हती. मान खाली, दोन्ही चष्मे नाकावर, अंगठा बाटलीच्या गळ्यात, हळूहळू फिरणारा.